दृश्यमाध्यमांतील शोधशब्द आणि पुण्याचे 'मठारकाम' : एक चिकित्सा

सारांश : इन्स्टाग्राम, पिंटरेस्ट यांसारख्या दृश्यप्रधान समाजमाध्यमांवर एखादे छायाचित्र सापडणे हे मुख्यतः त्याच्यासोबत लिहिलेल्या शब्दांवर अवलंबून असते. हे शब्द निवडताना केवळ 'लोक काय शोधतात' हाच निकष लावल्यास कारागिराचा शब्द मागे पडतो आणि त्याबरोबर त्याच्या कामाची ओळखही पुसट होते, हे प्रस्तुत लेखात पुण्यातील तांबटकामाच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : शोधशब्द, दृश्यमाध्यमे, तांबट आळी, मठारकाम, कोशरचना

प्रस्तावना

शोधनिबंधाच्या सारांशाखाली चार-पाच बीजसंज्ञा देण्याची आपणा अध्यापकांना सवय असते. आपला विषय शोधणारा अभ्यासक कोणत्या शब्दाने तो शोधील, याचा तो अंदाज असतो. समाजमाध्यमांवरील विक्रेते ज्याला 'कीवर्ड रिसर्च' म्हणतात, ते तत्त्वतः हेच काम आहे. फरक निकषाचा आहे. आपण बीजसंज्ञा निबंधाच्या आशयावरून ठरवितो. विक्रेता शोधणाऱ्यांच्या संख्येवरून ठरवितो. या फरकाचे परिणाम तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शोधाची रीत

शोधपेटीत टाइप केलेला मजकूर खातेनाम, परिचय, छायाचित्राखालील ओळी, हॅशटॅग आणि स्थळ यांच्याशी जुळविला जातो, असे इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे नेमका शब्द निवडणे महत्त्वाचे ठरले. गूगल ट्रेंड्स (२००६) आणि कीवर्ड प्लॅनर (२०१३) यांसारखी साधने, तसेच शोधपेटीत आपोआप उमटणाऱ्या सूचना यांवरून कोणता शब्द किती प्रचारात आहे याचा अदमास घेता येतो. 'अधिक शोधला जाणारा शब्द वापरा' हा सर्वसाधारण सल्ला यातूनच आला आहे. तो चुकीचा नाही. मात्र अपुरा आहे.

तांबट आळीचे उदाहरण

कसबा पेठेतील तांबट आळी ही पेशवेकाळात कोकणातून येऊन पुण्यात स्थिरावलेल्या तांबट कारागिरांची वस्ती. हंडे, घंगाळे, बंब, तपेल्या हा त्यांचा पूर्वापार माल. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील घरोघरी आल्यावर या मालाची मागणी ओसरली. अलीकडच्या काळात तांब्याच्या शोभिवंत वस्तूंना पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले आहे आणि त्यांपैकी बरेच गिऱ्हाईक छायाचित्र पाहून येते.

या कारागिरीचे वैशिष्ट्य म्हणजे मठारकाम. भांडे घडवून झाल्यावर त्यावर हातोडीचे सारखे, ओळीने ठोके दिले जातात. त्याने पत्रा कठीण होतो, भांड्याला मजबुती येते आणि पृष्ठभागावर प्रकाश खेळू लागतो. म्हणजे 'मठारणे' हे क्रियापद एका प्रक्रियेचे नाव आहे.

समाजमाध्यमांवर मात्र या भांड्याचे नाव 'हॅमर्ड कॉपर' असे होते आणि घंगाळाचा 'कॉपर टब' होतो. बंगळूरच्या किंवा परदेशातील ग्राहकाला 'मठार' हा शब्द ठाऊक नसतो. तेव्हा विक्रेत्याची निवड व्यवहाराला धरूनच आहे. भाषा जपण्याचा भार पोटासाठी हातोडी चालविणाऱ्या माणसावर टाकणे न्याय्यही नव्हे. परंतु 'हॅमर्ड' हा शब्द बाजारात वस्तूचे केवळ दिसणे सांगतो. यंत्राने ठशाचे खड्डे उमटविलेली बाटलीही त्याच नावाने विकली जाते. दोन्ही छायाचित्रे एकाच शब्दाखाली शेजारी येतात आणि छायाचित्रात हाताचा ठोका व यंत्राचा ठसा यांतील भेद सहसा कळत नाही. मग स्पर्धा उरते ती किमतीची, आणि तीत कारागीर हरतो. अधिक शोधला जाणारा शब्द येथे कारागिराला ग्राहकापर्यंत नेतो आणि त्याच वेळी त्याचे वेगळेपण हिरावून घेतो.

शून्याचा अर्थ

शोधसाधनात 'मठारकाम' या शब्दापुढे नगण्य आकडा दिसला, तर शब्द निरुपयोगी असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. एक तर असा शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीत, तीन-चार वर्णलेखनांत विखुरलेला असतो. त्यामुळे त्याची संख्याही विभागली जाते. दुसरे असे की, जो शब्द कोणी छायाचित्राखाली लिहिलाच नाही, तो कोणी शोधावा कसा? शोधसंख्या झालेली मागणी मोजते. होऊ शकणारी मागणी ती सांगू शकत नाही.

'पैठणी'चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हे नाव वस्तूबरोबर प्रवास करीत राहिले, म्हणून ग्राहक ते नाव घेऊनच शोधतो. अर्थात प्रचलित नावाचा गैरवापरही होतो; 'सेमी पैठणी' या नावाने नकला विकल्या जातातच. पण नाव टिकले असल्यामुळेच अस्सल-नकलेचा वाद तरी घालता येतो. 'मठारकामा'च्या बाबतीत त्या वादाची भाषाच हरवण्याचा धोका आहे.

कोशकाराचा मार्ग

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये निघाली. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात पुण्यातून सात विभागांत प्रसिद्ध झाला. शब्द किती जण वापरतात एवढ्यावर कोशकार थांबत नाही; तो शब्द नोंदवितो आणि त्याचा अर्थ समजेल अशा दुसऱ्या शब्दाशी त्याची सांगड घालतो. छायाचित्राखालच्या ओळींनाही हीच रीत लागू करता येईल. प्रथम ग्राहकाचा शब्द, लगेच कारागिराचा शब्द दोन्ही लिप्यांत, मग प्रक्रियेचे एक वाक्य आणि स्थळ म्हणून तांबट आळी. यात ग्राहकही हातचा जात नाही आणि शब्दही.

निष्कर्ष

शोधशब्दांचा अभ्यास हे ग्राहकाची भाषा समजून घेण्याचे उपयुक्त साधन आहे. कारागिराची भाषा ठरविण्याचा अधिकार मात्र त्याला देता येणार नाही. हे काम एकट्या कारागिराकडून होणारे नाही. वाणिज्य आणि मराठी या दोन विभागांच्या विद्यार्थ्यांनी तांबट आळीत बसून हत्यारांची, क्रियांची व भांड्यांची नावे टिपली आणि कारागिरांच्या संमतीने छायाचित्रांखालील ओळी लिहून दिल्या, तर तो दोन्ही विषयांचा उत्तम प्रकल्प ठरेल. महाविद्यालयापासून तांबट आळी फार दूर नाही; आपल्या अभ्यासक्रमापासून मात्र ती अजून बरीच दूर आहे.