तटस्थ आणि रसिक

आळंदहून उमरग्याकडे जाणाऱ्या वाटेवर, मराठी आणि कानडी मुलखांच्या सांध्यावर, खजुरी हे गाव आहे. तेथे एका कीर्तनात काही वर्षांपूर्वी आम्ही नाथांच्या कावडीची कथा ऐकली. कथा सर्वांच्या परिचयाची आहे. गंगेच्या कावडी घेऊन यात्रेकरू रामेश्वराकडे निघाले आहेत. वाटेत एक गाढव तहानेने तडफडत पडले आहे. नाथ आपल्या कावडीतील पाणी त्याच्या मुखात घालतात आणि आपला अभिषेक येथेच रामेश्वरास पोचला असे म्हणतात. बुवांनी प्रसंग चांगला रंगविला. श्रोत्यांचे डोळे ओलावले. तेवढ्यात पुढे बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, "बुवा, बाकीच्यांच्या बी कावडी भरलेल्याच हुत्या की. त्येंचं काय झालं?" मंडळी हसली, बुवाही हसले, आणि नामाचा गजर सुरू झाला. आम्ही मात्र त्या प्रश्नापाशी जे अडखळलो ते अजून तेथेच आहोत.

महिपतीने 1774 साली पूर्ण केलेल्या 'भक्तलीलामृता'त नाथचरित्र विस्ताराने गाइले आहे, आणि कीर्तनकारांनी त्यात आपापल्या परीने रंग भरले आहेत. या परंपरेत संताभोवतीच्या जमावाला स्वतःचे अंतरंग नसते. संताला नावे ठेवणे आणि शेवटी चकित होणे, एवढेच त्याचे काम. भक्तीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. दिव्याचे वर्णन करणारा अंधाराची मोजदाद करीत बसत नाही. परंतु श्रोत्यांपैकी नाथ कोणी नसतो. आपण सारे त्या दुसऱ्या कावडीवाल्यांचे वंशज आहोत, आणि कथेने आपल्याविषयीच मौन पाळले आहे.

ते लोक निर्दय होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांच्या खांद्यावर नवस होता आणि पुढे पल्ला लांब होता. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग 1973 साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना प्रवचनासाठी शेजारच्या इमारतीत पाठविले, आणि वाटेत एक मनुष्य कण्हत, खोकत बसविला. ज्यांना सवड होती त्यांच्यापैकी शंभरात 63 जणांनी त्याची काही ना काही विचारपूस केली. ज्यांना फार उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांच्यापैकी शंभरात केवळ 10 जणांनी. गंमत अशी की काहींच्या प्रवचनाचा विषय बायबलातील दयाळू शोमरोन्याचा दृष्टांत हाच होता. तो विषय मनात घोळत असल्याने निश्चित असा फरक पडल्याचे दिसले नाही. पुण्याची घाई ही देखील घाईच असते, हे त्या कावडीवाल्यांस कोणी सांगावयास नको होते.

1964 साली न्यूयॉर्क शहरात एका तरुणीचा खून झाला, आणि 38 शेजारी तो पाहत स्वस्थ राहिले असे वृत्तपत्राने छापले. पुढील संशोधनात ही संख्या बरीच फुगविलेली असल्याचे आढळले. पण त्या बातमीमुळे डार्ली आणि लॅटाने यांनी जे प्रयोग केले, ते आम्हांस बातमीहून अधिक मोलाचे वाटतात. दुसऱ्या खोलीतून कोणास झटका आल्याचे आवाज ऐकू येतात. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी शंभरात 85 जण तो झटका ओसरण्यापूर्वी मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असा ज्यांचा समज होता, त्यांच्यापैकी 31. न उठलेल्यांचेही चित्त स्वस्थ नव्हते. त्यांचे हात कापत होते. त्या वृत्तपत्राने जमावास दुष्ट ठरविले, आमच्या संतचरित्रांनी त्यास रिकामे ठेवले. हे कापणारे हात दोघांच्याही नजरेतून निसटले.

या दृष्टीने दामाजीपंतांची कथा पुन्हा वाचण्याजोगी आहे. मंगळवेढ्याच्या कोठारांचा मालक बिदरचा बादशहा; किल्ली मात्र दामाजींच्या हाती. दुष्काळात दारी आलेल्या माणसांना "दुसरा कोणी पाहील" असे म्हणण्याची सोय त्यांना नव्हती. त्यांचे औदार्य यामुळे उणे होत नाही. पण कथेने किल्ली एकाच हाती ठेवली, यात कथाकारांची जाण दिसते. पुढे विठू महाराच्या आगमनाने जो चमत्कार घडतो, त्याच्या तेजात ही किल्ली आपल्या नजरेआड होते एवढेच.

आता थोडे शब्दांविषयी. 'तटस्थ' हा शब्द मराठीत आणि कानडीत सारखाच रुळला आहे. तटावर उभा असलेला तो तटस्थ. वादापुरता हा गुण आहे. पण तट म्हटला की पाणीही आले, आणि पाण्यात कोणी बुडत असेल तर हाच शब्द भयंकर होतो. आमच्या साहित्यशास्त्राने हा शब्द मोठ्या सावधपणे वापरला आहे. अभिनवगुप्ताचे मत मांडताना मम्मट सांगतो की काव्यातील भाव हे माझेच, शत्रूचेच किंवा तटस्थाचेच, असे प्रतीत होत नाहीत. तसेच ते यांपैकी कोणाचेच नाहीत, असेही वाटत नाही. ते साधारण होतात, म्हणूनच करुणाचाही आस्वाद घेता येतो. नाट्यगृहात हे सुखाचे आहे. तेथे रसिकाने रंगमंचावर धावून जावे अशी कोणाची अपेक्षा नसते. मात्र रस्त्यावर पडलेल्या माणसाचे दुःख असे साधारण झाले, की ते सर्वांचे होते आणि म्हणून कोणाचेच राहत नाही. न. चिं. केळकरांनी 1921 च्या बडोद्याच्या संमेलनात 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. परकायेत शिरूनही वाचकाचे स्वत्व जागे असते, हा तिचा गाभा. तिची चर्चा बहुधा आनंदाच्या उपपत्तीपुरतीच झाली. आम्हांस त्या जाग्या राहिलेल्या स्वत्वाविषयी अधिक कुतूहल आहे: कथा संपल्यावर ते कोठे जाते?

याच मुलखाने 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे एक उत्तर पाहिले. खजुरीच्या उत्तरेस उमरगे, त्यापलीकडे किल्लारी आणि सास्तूर. दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो दगावले. बाहेरची मदत पोचण्याआधी वाचलेल्यांनीच आपल्या हातांनी ढिगारे उपसले. तेथे काय घडले आहे याविषयी संशय नव्हता, आणि ढिगाऱ्याखालचा आवाज ओळखीचा होता. त्यानंतरच्या दिवसांत मदतीला माणसे आली तसे बघेही आले. भूकंप एकच, पण एकाला तो नावानिशी हाक मारतो, दुसऱ्याला देखावा दाखवितो.

रस्त्यावरील अपघातात तर भीतीची भर पडते: पोलीस विचारतील, साक्षीचे हेलपाटे पडतील, आणि सीमेवर हद्द कोणाची हाही प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली आणि मोटार वाहन कायद्याने 2019 साली मदत करणाऱ्यास संरक्षण दिले. त्याच्यावर नाव सांगण्याचीही सक्ती नाही. ही भीती खोटी नव्हती, हे या कायद्यानेच मान्य केले आहे. मात्र आमच्याकडील एका जुन्या भीतीला असे कलम पुरत नाही. पैठणच्या तापल्या वाळवंटात चुकलेले अस्पृश्याचे मूल नाथांनी उचलले, त्या वेळी इतरांना अडविले ते घाईने नव्हे, स्पर्शाने.

साने गुरुजींनी हे अचूक ओळखले होते. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'त एका वृद्ध महार स्त्रीची मोळी खाली पडते. आई नेमक्या श्यामलाच ती उचलून देण्यास पाठविते, आणि नंतर घरी येऊन स्नान कर म्हणते. या स्नानावर आज कोणी आक्षेप घेईल, आणि तो रास्तच आहे. पण आम्हांस त्या स्नानामुळेच हा प्रसंग अस्सल वाटतो. येथे संत नाही, चमत्कार नाही. लोक काय म्हणतील या धास्तीने पाय अडखळणारा एक मुलगा आहे, आणि त्याला जावे लागते.

खजुरीच्या त्या वृद्धाला हवी होती ती कथा याहून निराळी. ज्याची कावड रामेश्वरापर्यंत भरलेली पोचली, ज्याने विधिपूर्वक अभिषेक केला, आणि परतीच्या वाटेवर ज्याला ती जागा पुन्हा लागली, त्या माणसाची. मराठीत ती कोणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही.