‘बोध काय घेतला?’ विचारण्याआधी

शाळेत चित्रपट दाखवणं आता फार अवघड राहिलेलं नाही. अडचण सुरू होते ती सिनेमा संपल्यावर. दिवे लागतात आणि पहिला प्रश्न येतो, ‘यातून काय बोध घेतला?’ मुलं हुशार असतात, हवं ते वाक्य लगेच देतात. चित्रकलेच्या तासाला त्याच वाक्याचं पोस्टर होतं. याला आपण चर्चा म्हणतो, कलाही म्हणतो. पण या सगळ्यात सिनेमा कुठे उरला?

एक उदाहरण घेऊ. अब्बास किआरोस्तामी यांचा १९८७चा इराणी चित्रपट, नावाचा अर्थ ‘मित्राचं घर कुठे आहे?’. मुलांसाठी काम करणाऱ्या ‘कानून’ या संस्थेसाठी त्यांनी तो केला. गोष्ट एवढीशी. अहमदच्या दप्तरात मित्राची वही चुकून येते. उद्या गृहपाठ वहीत नसेल तर मित्राला शाळेतून काढतील. अहमद वही घेऊन शेजारच्या गावाला धावतो. घर काही सापडत नाही. शेवटी तो मित्राचा गृहपाठ स्वतःच करून टाकतो. सकाळी गुरुजी वही तपासतात, सगळं ठीक म्हणतात. वहीत एक फूल दडलेलं असतं.

यावर फळ्यावर काय लिहिलं जाईल? ‘मित्राला मदत करावी.’ पण थांबा. या मुलानं आईचं ऐकलेलं नाही, आणि त्यानं गुरुजींना फसवलंय! शाळेला हे पचणारं आहे का? खरी चर्चा इथे सुरू होते, आणि बोधाचं वाक्य नेमकी हीच जागा झाकून टाकतं. गुरुजींनी या जागी ‘तो चुकला का?’ असं विचारून उत्तराची घाई केली नाही, तर वर्गात दोन तट पडतील. पडू द्यावेत.

त्याआधी साधे प्रश्न हवेत. काय दिसलं? काय ऐकू आलं? टेकडीवरची ती नागमोडी वाट, वर एकटं झाड, अंधारात भुंकणारं कुत्रं. लहान मूल मतं मांडताना अडखळेल, पण ‘वाट कशी होती?’ म्हटलं की हवेत बोटानं काढून दाखवेल. त्याचं चित्र तिथेच सुरू झालेलं असतं. आणि चित्र काढायला सांगायचंच, तर पडद्यावरचा प्रसंग कशाला? वही हरवलेल्या मित्राची ती रात्र सिनेमा दाखवतच नाही. ती काढायला सांगू या. तिथे नक्कल करायला काही नसतं, मुलाला स्वतःचंच घर आणि स्वतःचीच भीती कामाला लावावी लागते.

हे झालं इराणचं. आपल्याकडे नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) मोठ्या वर्गाला दाखवायचा ठरला, तर प्रश्न जास्त नाजूक होतो. जब्या आणि त्याच्या घरचे डुक्कर काठीला टांगून नेतात, ते शाळेच्या भिंतीवरून. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई यांची चित्रं आहेत. आता वर्गात जब्यासारखा एखादा मुलगा बसलेला असेल, आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या, तर? ‘तुला काय वाटलं?’ हा प्रश्नही मग अपमान ठरतो. संवेदना जागवण्याच्या नावाखाली आपण पडद्यावरचा हशा वर्गात आणलेला असतो.

म्हणून आमचा आग्रह आहे, की बोलण्याची सक्ती नसावी. कागद-रंग आधी द्यावेत, बोलणं नंतर. चित्र दाखवायचं की घडी घालून खिशात ठेवायचं, हे मुलानं ठरवावं. आणि चर्चेचा रोख त्या मुलाकडे नको, भिंतीकडे हवा. त्या भिंतीवर ती चित्रं कोणी, कशासाठी काढली असतील? आपल्या शाळेच्या भिंतीवर कोणाची आहेत? त्यांच्या खालून रोज कोण, काय वाहून नेतं? याचं उत्तर मुलांइतकंच शिक्षकांनाही द्यावं लागेल, आणि ती तयारी असेल तरच हा सिनेमा लावावा.