धृतराष्ट्राचे कान



गेल्या ज्येष्ठात, पालख्या निघायला पंधरा-वीस दिवस असताना, आमच्या दिंडीतल्या एका जुन्या टाळकऱ्याची नात वही घेऊन माझ्याकडे आली. मुलगी मराठी विषय घेऊन बी.ए. करते. अभ्यासक्रमात ज्ञानेश्वरीचा काही भाग आहे, आणि तिने निबंध लिहिला होता, 'ज्ञानेश्वरीतील धृतराष्ट्राची व्यक्तिरेखा'. "बुवा, तुम्ही एवढी वर्षं ज्ञानेश्वरी सांगितलीत. जमा करायच्या आधी एकदा नजर टाका, काही चुकलं असेल तर सांगा," म्हणाली. माझ्या गुडघ्यांनी वारीची वाट सोडवली आहे, कीर्तनाला उभे राहणेही बंद झाले. वेळ होता. चष्मा लावला आणि वाचायला बसलो.

निबंध बारा पानांचा, अक्षर नेटके. मथळे ठळक केलेले: आंधळेपण, पुत्रप्रेम, सत्तेचा लोभ, निर्णयातला दुबळेपणा, आणि शेवटी आजच्या काळाशी संबंध. सुरुवातीला पात्रांची वाटणी केलेली. अर्जुन नायक, दुर्योधन खलनायक, संजय आणि धृतराष्ट्र गौण पात्रे. राजाच्या आंधळेपणावर तिने तीन पाने खर्च केली होती. डोळ्यांचा अंधार हे मनाच्या अंधाराचे प्रतीक, असा त्याचा सारांश.

वाचताना प्रथम मला हसू आले आणि मग लाज वाटली. हसू अशासाठी की ज्ञानोबारायांचा ग्रंथ मापाने मोजायला निघालेले हे लेकरू. लाज अशासाठी की चाळीस वर्षे मीही कीर्तनात तेच करत आलो. धृतराष्ट्र आला की डोळे मिटायचे, हात पुढे करून चाचपडायचे, श्रोते हसले की पुढच्या प्रमाणाकडे वळायचे. तिने निदान तीन पाने विचार केला होता. मी टाळी घेऊन मोकळा होत होतो. आमच्याच दिंडीत एक अंध माळकरी होते. हरिपाठ, काकडा, गौळणी सगळे मुखोद्गत. ऐकावे तर त्यांनी. माझ्या त्या नकलेला तेही हसत. ते काय समजून हसत, हे मी कधी विचारले नाही.

तेव्हा निबंधावरचा पहिला आक्षेप मी स्वतःवरच घेतो. राजाचा दोष डोळ्यांत नाही. व्यासांनी भीष्मपर्वात त्याला दृष्टी देऊ केली होती. युद्ध पाहायचे असेल तर डोळे देतो, म्हणाले. राजाने नाकारले. आपल्याच माणसांचा संहार पाहवणार नाही, पण सगळे ऐकायचे मात्र आहे, असे त्याने सांगितले. म्हणून संजयाला दिव्य दृष्टी मिळाली. म्हणजे ऐकणे हे त्या राजाने आपण होऊन मागून घेतलेले काम आहे. त्याची पारख करायची तर कानांनी करावी. डोळ्यांवर तीन पाने लिहिली तर राजा सुटून जातो, कारण आंधळेपण काही त्याने निवडले नव्हते.

आता तिच्या निबंधातले मोलाचे सांगतो. सातव्या पानावर, दोन मथळ्यांच्या मधल्या जागेत, तिने एक वाक्य लिहून ठेवले होते. माउली पहिल्या अध्यायात राजाचा पहिला उल्लेख करतात तेव्हा त्याला आंधळा म्हणत नाहीत, पुत्रस्नेहाने मोहित झालेला म्हणतात. आणि त्याच अध्यायात अर्जुनालाही स्नेहानेच घेरलेले दाखवतात. एवढेच. पुढे लगेच 'सत्तेचा लोभ' सुरू. मी ते वाक्य चार वेळा वाचले. पन्नास वर्षांत किती पारायणे झाली, किती निरूपणे झाली, पण हे दोन स्नेह एकाशेजारी एक ठेवून मी कधी पाहिले नव्हते.

वाचकहो, पहिला अध्याय आठवून पाहा. माउलींनी तिथे भुंग्याचा दृष्टांत दिला आहे. वाळलेले कठीण लाकूड पोखरून जाणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो. प्राण गेला तरी चालेल, पण कमळाची पाकळी त्याच्याने चिरवत नाही. शंकराशी झुंजलेला, निवातकवचांना धुळीस मिळवणारा अर्जुन असा आप्तस्नेहात सापडला. आणि राजा? त्याचीही कळी तीच. गीतेच्या सातशे श्लोकांत राजाच्या वाट्याला एकच श्लोक आला, तोही प्रश्नाचा, आणि त्या एका श्लोकात त्याने 'माझे' आणि 'पांडूचे' अशी वाटणी करून ठेवली. पांडू हा त्याचाच भाऊ. भावाची मुले 'माझे' या शब्दात मावली नाहीत.

रोग एकच आहे. मग एक नायक आणि एक गौण पात्र कसे झाले? इथे मुलीची वाटणी अपुरी पडते, आणि तिच्या हाती पडलेले उत्तर तिच्या हातून निसटते. नायक-खलनायक ही वाटणी नाटकाला चालेल. हा ग्रंथ संवादाचा आहे. त्यात पात्रांची पारख कोण कसे ऐकतो यावर होते. अर्जुनाने धनुष्य खाली ठेवले, रडला, वाद घातला, पण पुन्हा पुन्हा विचारत राहिला. कळले नाही तर कळले नाही म्हणाला. त्याचा स्नेह ऐकता ऐकता विरघळला. राजाचा स्नेह तोच, कानांवर पडणारे शब्द तेच, आणि तो होता तिथेच राहिला.

माउलींना हे किती नेमके दाखवायचे होते, ते नवव्या अध्यायात पाहावे. अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांपुढे पदर पसरतात, एक अवधान द्या म्हणतात. तुम्ही लक्ष दिलेत की सगळ्या सुखाला पात्र व्हाल, असे प्रतिज्ञेवर सांगतात. त्याच अध्यायाच्या शेवटी कॅमेरा फिरावा तसे ते आपल्याला कुरुक्षेत्रावरून उचलून हस्तिनापुरात आणतात. भगवंतांनी राजविद्या सांगून संपवली आहे. संजयाचे चित्त थक्क झाले आहे, वाचा जागच्या जागी पांगळी झाली आहे, अंगभर रोमांच आले आहेत. आणि समोर राजा गप्प बसला आहे. पुराचे पाणी चढत असताना रेडा उठत नाही, तसा. नदीकाठच्या माणसाला या दृष्टांताचा अर्थ सांगावा लागत नाही. रेड्याला पाण्यात बरेच वाटत असते. गारवा असतो, अंग भिजलेले असते. पाणी अंगावरून जाते, आत काही जात नाही. ज्या अध्यायाच्या दारात अवधानाची मागणी, त्याच अध्यायाच्या मागच्या दारात अवधान न देणारा श्रोता बसवला आहे. हे सहज घडलेले नाही. शके १२१२ मध्ये नेवाशाला समोर बसलेल्या श्रोत्यांना माउली जणू विचारत आहेत, यातले तुम्ही कोण?

मुलीच्या निबंधात हा रेडा नाही. 'राजाला पशूची उपमा देऊन त्याचा धिक्कार केला आहे' असे एक वाक्य कुठल्या तरी मार्गदर्शकातून आलेले दिसते. हे मला पटत नाही. पैठणला रेड्याच्या मुखातून वेद वदवणारे ते हेच माउली. त्या रेड्याची समाधी आळे गावी आहे, वारकरी तिथे माथा टेकवतो. ज्यांच्या लेखी रेडाही वेद बोलू शकतो, त्यांनी राजाला रेडा म्हटले तर त्यात नुसता धिक्कार कसा असेल? पाणी चढते आहे, अजून उठता येईल, अशी वाट पाहणेही त्यात आहे.

राजा उठला नाही. मूळ गीतेत तो पहिल्या श्लोकानंतर बोलतच नाही. माउलींनी मात्र अठराव्या अध्यायाच्या शेवटी त्याला पुन्हा तोंड दिले. संजय आनंदाने भरून वाहतो आहे आणि राजा त्यालाच दटावतो, की अवेळी हे काय लावले आहेस, व्यासांनी तुला इथे कशासाठी बसवले? त्याला जाणून घ्यायचे आहे जय कोणाचा होणार. त्याच्या मनाने कौल दिलेला आहेच, दुर्योधनाचा प्रताप मोठा आणि सैन्यही दीडपट. सगळी गीता ऐकून झाल्यावर हा प्रश्न! मूळात नसलेली ही भर माउलींनी का घातली असेल? मला वाटते, 'माझे' या शब्दाला शेवटपर्यंत धरून बसलेल्या माणसाला गीता कशी ऐकू येते, ते आपल्याला ऐकवण्यासाठी. त्याला फक्त निकाल ऐकू येतो.

इथे मला थांबावे लागले, कारण मुलीचे ते सातव्या पानावरचे वाक्य माझ्या घरात शिरले. आमच्या गावच्या सप्ताहात काल्याचे कीर्तन कित्येक वर्षे माझ्याकडे होते. उभे राहणे जमेना तेव्हा ते कोणाकडे द्यायचे, हा प्रश्न आला. एक शिष्य पंधरा वर्षे माझ्यामागे टाळ घेऊन उभा होता. पाठांतर पक्के, आवाज गोड, व्यसन नाही. माझा मुलगाही कीर्तन करतो, बरे करतो. मी मुलाला दिले. गावात कोणी काही बोलले नाही. एक वृद्ध विणेकरी मात्र संध्याकाळी ओट्यावर येऊन म्हणाले, "बुवा, फड पांडुरंगाचा आहे." मी "बघू" म्हणालो. पाणी अंगावरून गेले. शिष्य आता शेजारच्या तालुक्यात कीर्तने करतो. भेटला की पाया पडतो. काल्याला येत नाही.

चार दिवसांनी मुलगी वही न्यायला आली. मी तिला म्हणालो, "बाळ, आंधळेपणाची तीन पाने काढून टाक. सातव्या पानावरचे वाक्य पहिल्या पानावर घे आणि त्याच्यामागे जा. अर्जुन, संजय आणि राजा, तिघांनी एकच गोष्ट ऐकली. तिघांचे काय झाले ते लिही." ती म्हणाली, "पण बुवा, ते वाक्य कुठल्याच मथळ्याखाली बसत नव्हतं." म्हटले, "म्हणूनच ते तुझे आहे."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग विचारले, "परीक्षेत चालेल?" त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तपासणाऱ्याला मथळे लागतात, आणि कीर्तनकाराला हशा लागतो. दोघांच्या मधल्या फटीतून ग्रंथ निसटतो. एवढे मात्र सांगितले, की पात्राचे गुणदोष लिहून झाल्यावर वही मिटण्याआधी एकदा स्वतःला विचारावे, या पात्राच्या जागी मी कधी बसलो होतो का? तो परिच्छेद जमा करायची गरज नाही. पण तो मनात लिहिला गेला तर बाकीची पाने आपोआप सुधारतात. आमच्या संप्रदायात यालाच चिंतन म्हणतात, आणि विद्यार्थ्याच्या अभ्यासाशी त्याचे वैर नाही. तिने शब्द नीट वाचला नसता तर मला चिंतनाला काही मिळाले नसते.

आषाढीनंतर मी त्या शिष्याच्या घरी जाऊन आलो. यंदा काल्याला तू उभा राहा म्हणालो. तो म्हणाला, "दादांना विचारलंत का, बुवा?" दादा म्हणजे माझा मुलगा. घरी येऊन मुलाला सांगितले. त्याने ऐकून घेतले. अजून काही बोललेला नाही. सप्ताहाला तीन महिने आहेत, आणि मीही आता वाट पाहायला शिकतो आहे.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.