डब ते डबस्टेप : वगळण्याची परंपरा

डबस्टेपवरील रेगेचा प्रभाव सामान्यतः खोल बास आणि प्रतिध्वनी यांपुरता मर्यादित मानला जातो. हे आकलन अपुरे आहे. १९७० च्या दशकात किंग्स्टन येथे किंग टबी या ध्वनितंत्रज्ञाने मुद्रित रेगे गीतांतील गायन व इतर वाद्ये मधूनमधून काढून घेतली आणि ड्रम व बास तेवढे ठेवले. मिक्सिंग डेस्क हेच वाद्य ठरले. ऑगस्टस पाब्लो यांच्यासह सिद्ध झालेला १९७६ चा ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाऊन’ हा संग्रह याची साक्ष देतो.

जमैकन स्थलांतरितांनी लंडनमध्ये रुजविलेल्या साऊंड सिस्टिममधून ही दृष्टी पुढील पिढीस लाभली. दक्षिण लंडनमध्ये २००० नंतर आकारास आलेल्या डबस्टेपची गती मिनिटास सुमारे १४० ठोके असली, तरी तालाचा भार निम्म्या गतीने पडतो. त्यामुळे ठोक्यांमध्ये मोकळी जागा उरते व बास तेथे पूर्णत्वाने उमटतो. डिजिटल मिस्टिक्झ यांच्या ‘अँटी वॉर डब’ (२००६) या रचनेत हा संयम स्पष्ट जाणवतो. २०१० च्या सुमारास अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या डबस्टेपने मात्र ही जागा कर्कश मध्यस्वरांनी भरून टाकली. सारांश, एखादी रचना डबची वारस आहे किंवा नाही, हे तिने काय वगळले यावरून ठरविणे अधिक न्याय्य होईल.