कोर्टात न पोचलेला क्लेम

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचा विषय होता सरकारी आरोग्य योजना आणि खाजगी रुग्णालयं यांच्यातले कायदेशीर वाद. पद्धत अगदी सरळ ठेवली होती: उच्च न्यायालयाचे निवाडे गोळा करायचे आणि त्यांचं विश्लेषण करायचं. गाईडनी यादी चाळली आणि एवढंच विचारलं, "ह्यात कल्याण-डोंबिवलीचं वीस खाटांचं हॉस्पिटल कुठे आहे?"

नव्हतंच. आणि घरातून स्टेशनला चालत जाताना मला अशी चार हॉस्पिटलं लागतात!

तुमच्यापैकी कोणी असा विषय घेत असाल तर मार्क गॅलंटर यांचा 1974 सालचा निबंध तुम्हाला वाचायला सांगतीलच. 'आहे रे' वर्ग कोर्टात वरचढ का ठरतो, हा त्याचा प्रश्न. तो पक्षकारांचे दोन प्रकार करतो. एक, आयुष्यात एखाद्या वेळीच कोर्टाची पायरी चढणारा. दुसरा सराईत, म्हणजे ज्याला तसलेच खटले पुन्हा पुन्हा लढायचे असतात. सराईताला आजची केस हरली तरी चालते, त्याची नजर पुढच्या शंभर केसेसना लागू होणाऱ्या नियमावर असते. निबंध उत्तम आहे आणि पन्नास वर्षांनंतरही ताजा वाटतो. पण तो जसाच्या तसा ठाणे जिल्ह्यावर चिकटवू नका. मी चिकटवला होता.

आधी तो कुठे लागू पडतो ते बघा. कोविडच्या काळात, 2020 साली, राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांचे दर बांधून दिले. नागपुरातल्या रुग्णालयांच्या संघटनेने याचिका केली आणि त्या ऑक्टोबरात नागपूर खंडपीठाने सांगितलं की कोविड नसलेल्या रुग्णांचे दर ठरवायचा अधिकार सरकारला नाही. हा वाद विम्याचा नव्हे, दर कोण ठरवणार याचा आहे. तरी आपल्या विषयाच्या अगदी शेजारचा. इथे याचिकाकर्ता कोण? संघटना. भांडण कशावर? एका बिलावर नाही, नियमावर. गॅलंटरने लिहिलं तसंच.

आता डोंबिवली. एका छोट्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मला नाकारलेल्या क्लेमची फाइल दाखवली. (हॉस्पिटल कुठलं, योजना कुठली, ते सांगणार नाही. तुम्हीही मुलाखतीत हा शब्द दिलात तर पाळा.) ऑपरेशन झालं, रुग्ण घरी गेला, आणि मग क्वेरी आली: अमुक फोटो नाही, तमुक रिपोर्टवर तारीख नाही. मी विचारलं, कोर्टात का नाही गेलात? ते हसले. "अहो, उद्याचं प्रीऑथ त्यांच्याकडेच पाठवायचंय ना!"

या एका वाक्याने माझी निवाड्यांची यादी निकालात काढली. सराईत असणं हे गॅलंटरकडे प्रामुख्याने बळ आहे. इथे तेच दुबळेपण झालं. न्याय म्हणून सांगायला हवं, दोन सराईत समोरासमोर आले की ते सहसा आपसात मिटवतात हे त्याने लिहिलंय. पण सरकारचा तो अपवाद करतो. सरकारशी संबंध तोडता येत नाहीत, म्हणून तिथे आपसातला दाब कमी चालतो आणि खटले जास्त होतात, असा त्याचा तर्क. माझी हरकत नेमकी इथे आहे. त्याच्या डोळ्यांसमोर नियम लावणारं सरकार आहे. विमा योजनेतलं सरकार गिऱ्हाईक असतं. गिऱ्हाइकाशी संबंध तोडता येतात, आणि तेही गाजावाजा न करता.

बरं, खटला भरायचाच तर कोणावर? राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, 2013 च्या नोव्हेंबरात राज्यभर आली, पुढे तिला महात्मा जोतिबा फुले यांचं नाव मिळालं. 2020 साली ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. तेव्हा दीड लाखापर्यंतचा भार विमा कंपनीवर आणि केंद्राच्या लाभार्थ्यांसाठी त्यावरचा, पाच लाखांपर्यंतचा, राज्याच्या सोसायटीवर अशी मिश्र रचना होती. म्हणजे एकाच रुग्णाच्या मागे दोन पैसे देणारे. सरकारी संस्थेशी झालेल्या करारातही रिट चालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2003 मध्ये एबीएल इंटरनॅशनल प्रकरणात सांगितलंय (आणि तो वादही विम्याचाच होता). पण वस्तुस्थितीचाच वाद असला, फोटो होता की नव्हता असला, तर रिटमध्ये त्यात शिरायला न्यायालय सहसा नाखूष असतं. आपले क्लेम बहुतेक असलेच.

अमेरिकेतही हे प्रकरण सरळ नाही. 1990 साली व्हर्जिनियाच्या रुग्णालय संघटनेने मेडिकेडच्या दरांवरून खटला भरायचा हक्क सर्वोच्च न्यायालयात मिळवला. 1997 साली संसदेने ज्या तरतुदीवर तो उभा होता तीच काढून टाकली. 2015 च्या आर्मस्ट्राँग निकालाने आणखी एक दार लावलं. सगळ्यात मोठा सराईत सरकारच, हे गॅलंटरला इथे मात्र मान्य करावंच लागेल.

आणि रुग्ण? तो या वादात पक्षकारच नाही. माझ्या मामाला एका यादीतल्या रुग्णालयात सांगितलं, "योजनेचे बेड फुल आहेत, कॅशमध्ये लगेच घेतो." तेव्हा मला राग फक्त रुग्णालयाचा आला होता. डोंबिवलीची फाइल बघितल्यावर वाटलं, हाही एक निवाडाच होता. तो काउंटरवर झाला आणि कुठल्याही कायद्याच्या अहवालात छापला जाणार नाही. रुग्णालयाने योजनेशी भांडण केलं नाही, फक्त दार अर्धं लावून घेतलं. रुग्णालय सुटलं असं मी म्हणत नाहीये. यादीत नाव ठेवून कॅश मागणं चूकच, क्लेम कितीही अडकलेले असोत.

तेव्हा निवाडे जरूर वाचा, पण ते वादांचा नमुना आहेत असं लिहू नका. जिल्हा तक्रार निवारण समितीकडे काय येतं, काय येत नाही, ते माहिती अधिकारात मागा. कॅगचा आयुष्मान भारतवरचा 2023 चा अहवाल उघडा. 7,49,820 लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले सापडल्याची नोंद त्यात आहे. ती वाचली की क्वेरी पाठवणाऱ्या डॉक्टरचा संशयही थोडा समजतो. माझ्या पहिल्या मसुद्यात ही दुसरी बाजू अजिबात नव्हती.

सिनॉप्सिस मी बदललाय. यादीतून बाहेर पडलेल्या आणि यादीत राहून बेड फुल असल्याचं सांगणाऱ्या रुग्णालयांशी आता बोलतोय. पहिली अडचण लगेच आली. बाहेर पडलेले भरभरून बोलतात. यादीतले चहा पाजतात आणि रेकॉर्डर बंद करायला लावतात.