शिकणारा कोरी पाटी नसतो : स्पॅनिशभाषकांसाठीच्या प्राथमिक इंग्रजी पुस्तकांची चिकित्सा

प्राथमिक पुस्तकांची समीक्षा सहसा कोणी करीत नाही. कादंबरी, कवितासंग्रह, चरित्र यांच्या वाट्याला परीक्षणे येतात. अंकलिपी आणि भाषांतर पाठमाला मात्र पाने सुटेपर्यंत वापरल्या जातात आणि मग रद्दीत जातात. वास्तविक अशाच एखाद्या पुस्तकाच्या भरवशावर माणूस परक्या मुलखात पाऊल ठेवतो, काम मागतो, डॉक्टरांपुढे आपले दुखणे मांडतो. गेली काही वर्षे मी स्पॅनिशभाषक प्रौढांना इंग्रजीची तोंडओळख करून देणारी पुस्तके मिळतील तशी जमवून वाचतो आहे. भाषाविज्ञानाची पदवी माझ्याकडे नाही. इंग्रजी पाठमालांतून शिकलो, स्पॅनिश कोश आणि व्याकरणे घेऊन घरी शिकलो. त्यामुळे ही पुस्तके मी शिकणाऱ्याच्या बाकावर बसूनच वाचतो, आणि त्या बाकावरून एक गोष्ट ठळक दिसते : बहुतेक पुस्तके शिकणाऱ्याला कोरी पाटी समजतात. तो इंग्रजीत नवखा असेल. भाषेत नवखा नसतो.

तीन रकाने

या पुस्तकांचा साचा मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. तर्खडकरांच्या पाठमाला ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना तर फारच. पान उघडले की तीन रकाने दिसतात : इंग्रजी शब्द, स्पॅनिश अक्षरांत त्याचा उच्चार आणि स्पॅनिश अर्थ. त्यांतला मधला रकाना मोठा गमतीचा. स्पॅनिशमध्ये ‘एच’ हे अक्षर लिहितात पण उच्चारत नाहीत, म्हणून ‘हाउस’मधला ‘ह’ दाखवायला ‘जे’ हे अक्षर वापरावे लागते. त्याचा स्पॅनिश उच्चार आपल्या ‘ख’च्या जवळ जातो. इंग्रजीतील ‘बी’ आणि ‘व्ही’ यांचे उच्चार वेगळे, तर स्पॅनिशमध्ये ही दोन्ही अक्षरे एकाच ध्वनीची. स्पॅनिश स्वर पाच. इंग्रजीत त्यांच्या दुपटीहून अधिक. ‘शिप’ आणि ‘शीप’, म्हणजे जहाज आणि मेंढी, यांतला फरक आपण ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीने निदान सुचवू तरी शकतो. स्पॅनिश लेखनात ती सोय नाही, आणि प्रमाण स्पॅनिशमध्ये ‘श’ हा स्वतंत्र ध्वनीही नाही.

म्हणजे मधला रकाना पहिल्या आठवड्यात धीर देतो आणि पुढे अडवू लागतो. स्पॅनिश ही जवळजवळ लिहिल्याप्रमाणे वाचली जाणारी भाषा. तिच्या वाचकाचा अक्षरांवर विश्वास असतो, आपला देवनागरीवर असतो तसा. इंग्रजी लेखन या विश्वासाला पात्र नाही, हे त्याला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. तसे न सांगता पुस्तक त्याच्या हाती नकली उच्चारांची यादी ठेवते. स्पॅनिश शब्दाच्या आरंभी ‘स’ला जोडून दुसरे व्यंजन येत नाही, आधी ‘ए’ लागतो : ‘एस्कुएला’, ‘एस्पान्या’. म्हणूनच तो ‘स्कूल’ला ‘एस्कूल’ म्हणतो. हा आळस नव्हे, त्याच्या भाषेचा नियम आहे. एवढे एक वाक्य मधल्या रकान्याच्या दहा पानांहून अधिक उपयोगी पडले असते.

घरातले धन आणि घरातला चोर

शब्दसंग्रहाच्या बाबतीत तर ही पुस्तके शिकणाऱ्यापासून त्याचेच धन लपवतात. इंग्रजीत लॅटिन व फ्रेंच मुळाचे हजारो शब्द आहेत आणि त्यांतले पुष्कळ स्पॅनिशमध्येही आहेत. ‘नेशन’ला ‘नासिओन’, ‘इन्फर्मेशन’ला ‘इन्फोर्मासिओन’, ‘युनिव्हर्सिटी’ला ‘उनिबेर्सिदाद’. प्रत्ययांची ही एक-दोन समीकरणे दाखवली की एका संध्याकाळी शेकडो शब्द ओळखीचे होतात. इंग्रज मुलाला जड वाटणारे शब्द स्पॅनिशभाषकाला सोपे असतात. अवघड जातात ते ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’ यांसारखे घरगुती, जर्मानिक मुळाचे शब्द, आणि त्यांना ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ चिकटले की निर्माण होणारे अर्थ. पुस्तके मात्र इंग्रज बाळाचा क्रम पकडतात : हे पुस्तक, ते पेन, मांजर टेबलाखाली. चाळिशीच्या गवंड्याला ‘कन्स्ट्रक्शन’ हा शब्द त्याच्या ‘कोन्स्त्रुक्सिओन’चा सख्खा भाऊ आहे हे न सांगता मांजर शिकवायचे, यात कसली पायरी?

पण या धनात चोरही आहेत. ‘एम्बारासादा’ म्हणजे गरोदर. ती ‘एम्बॅरस्ड’, म्हणजे ओशाळलेली, असेलच असे नाही. ‘लिब्रेरिआ’ म्हणजे पुस्तकांचे दुकान, ‘लायब्ररी’ वेगळी. ‘एक्सितो’ म्हणजे यश. ‘एक्झिट’चा अर्थ वेगळा. स्पेनमध्ये सर्दी झालेला माणूस स्वतःला ‘कोन्स्तिपादो’ म्हणवतो; हाच शब्द इंग्रजी वळणाने उच्चारला तर डॉक्टर बद्धकोष्ठावर औषध देतील. पुस्तके हे शब्द शेवटच्या पानावर, चौकटीत, विनोद म्हणून छापतात.

विनोद नेहमीच विनोद राहत नाही. १९८० मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात १८ वर्षांच्या एका क्युबन वंशाच्या तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले गेले. त्याने काहीतरी बाधणारे खाल्ले असावे, अशी घरच्यांची समजूत. क्युबन स्पॅनिशमध्ये खाण्यापिण्यातून बाधा झालेल्याला ‘इन्तोक्सिकादो’ म्हणतात. इंग्रजी कानाला तो ‘इन्टॉक्सिकेटेड’, म्हणजे नशेत, असा ऐकू आला. अमली पदार्थांचा अतिरेक धरून उपचार झाले. खरे कारण मेंदूतील रक्तस्राव होता. निदानाला उशीर झाला आणि त्या तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले. हे प्रकरण वैद्यकीय दुभाष्यांच्या प्रशिक्षणात आजही सांगितले जाते. त्यात एकाच शब्दाचा दोष होता असे मी म्हणणार नाही. दुभाषा बोलावला गेला नाही, हा मोठा दोष. पण सारखे दिसणारे शब्द पहिल्या धड्यापासून, आणि जिथे जीव गुंतलेला असतो अशा ठिकाणांसह, शिकवावेत यासाठी आणखी कोणता पुरावा हवा?

‘यू’ कोणाला म्हणायचे?

व्याकरणात तर मराठी वाचक स्पॅनिशभाषकाच्या शेजारीच बसलेला असतो. आपण ‘सोमवार आहे’ म्हणतो. तोही कर्त्याशिवायच म्हणतो. इंग्रजीला मात्र तिथे अर्थहीन ‘इट’ लागतो. ‘मला कॉफी आवडते’ या वाक्यात कर्ता कॉफी आणि आवडणारा चतुर्थीत. स्पॅनिश ‘मे गुस्ता एल काफे’ची घडणही तशीच. पुस्तके अनेकवचनी झाली की आपले ‘आवडते’चे ‘आवडतात’ होते आणि त्यांचे ‘गुस्ता’चे ‘गुस्तान’. इंग्रजीत आवडणाऱ्यालाच कर्ता होऊन पुढे यावे लागते. भूक, तहान आणि वय या गोष्टी स्पॅनिश माणसाकडे ‘असतात’ : ‘तेंगो आम्ब्रे’, म्हणजे शब्दशः ‘माझ्याकडे भूक आहे’. इंग्रजीत तोच माणूस स्वतः भुकेला ‘असतो’. ‘सु’ या एका शब्दात त्याचा, तिचा, त्यांचा आणि आपला हे सारे सामावते. इंग्रजीत दर वेळी निवड करावी लागते. आणि प्रश्न विचारताना मध्येच येणारा ‘डू’ कशासाठी, हे स्पॅनिशच्या अनुभवातून उमगत नाही.

चांगली पुस्तके एवढे सांगतात. परंतु मला सर्वांत मोठी उणीव जाणवली ती ‘यू’पाशी. स्पॅनिशमध्ये ‘तू’ आहे, उच्चारानेही आपलाच. आणि आदरासाठी ‘उस्तेद’ आहे. हा शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून झिजून आला. पुस्तक लिहिते : तू, उस्तेद, उस्तेदेस बरोबर ‘यू’. प्रकरण संपले. शिकणाऱ्याच्या मनात उरलेला प्रश्न तसाच राहतो : मग मुकादमाशी, डॉक्टरांशी, वयस्क शेजारणीशी आदराने बोलायचे कसे? इंग्रजीतला आदर सर्वनामातून निघून ‘कुड यू’, ‘वुड यू’, ‘प्लीज’ यांत जाऊन बसला आहे. पण हे प्रकार ‘पुढच्या पातळी’चे मानून दुसऱ्या भागात ढकललेले असतात. पहिल्या भागात आज्ञार्थ असतो : दे, उघड, आण. परिणामी घरी अत्यंत अदबीने बोलणारा माणूस इंग्रजीत उद्धट ठरतो, आणि तो दोष त्याच्या संस्कारांवर ढकलला जातो.

शास्त्राने काय दिले

या विषयाला शास्त्राचा आधार नव्हता असे नाही. मिशिगन विद्यापीठात १९४१ मध्ये चार्ल्स फ्राइझ यांच्या पुढाकाराने इंग्रजी भाषा संस्था निघाली. तिचे आरंभीचे विद्यार्थी लॅटिन अमेरिकेतले. इंग्रजी आणि शिकणाऱ्याची भाषा यांची काळजीपूर्वक तुलना करूनच पाठ्यसामग्री तयार करावी, असा आग्रह फ्राइझ यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात धरला. त्यांचे सहकारी रॉबर्ट लाडो फ्लोरिडात स्पॅनिश आईबापांच्या पोटी जन्मले, स्पेनमध्ये वाढले आणि विशीनंतर अमेरिकेत परतून इंग्रजी शिकले. १९५७ च्या ‘लिंग्विस्टिक्स अक्रॉस कल्चर्स’मध्ये त्यांनी सूत्र मांडले : मातृभाषेशी जुळणारे सोपे जाते, न जुळणारे अवघड. पोर्तो रिकोत १८९८ च्या अमेरिकी ताब्यानंतर शाळेचे माध्यम इंग्रजी की स्पॅनिश हा झगडा पन्नास वर्षे चालला. १९४९ मध्ये स्पॅनिश हे माध्यम आणि इंग्रजी हा विषय असे ठरले. त्यानंतर फ्राइझ आणि पॉलिन रोहास यांची पुस्तके तिथल्या मुलांसाठी आली. याच रोहासबाई पुढे मायामीतील कोरल वे शाळेच्या १९६३ मधील द्विभाषिक प्रयोगात होत्या.

लाडोंचे सूत्र पुरे पडले नाही. वर पाहिलेले चोर शब्द न जुळण्यामुळे नव्हे, जुळण्यामुळेच फसवतात. १९७४ मध्ये हायडी ड्युले आणि मरिना बर्ट यांनी दाखवले की स्पॅनिश आणि चिनी मातृभाषेची मुले इंग्रजीतील काही प्रत्यय व छोटे शब्द जवळपास एकाच क्रमाने आत्मसात करतात. तृतीयपुरुषी क्रियापदाचा ‘एस’ विसरणे हा काही एकट्या स्पॅनिशभाषकाचा वारसा नाही. आपल्याकडची मुलेही तो विसरतात. अशा संशोधनाच्या लाटेत तुलनात्मक पद्धत मागे पडली, आणि जगातील सर्व नवशिक्यांसाठी एकच चकचकीत पुस्तक हा व्यापार सोयीचा झाला. माझा आक्षेप इथे आहे. प्रत्ययांचा क्रम सारखा असेल. पण ‘इन्तोक्सिकादो’ चिनी मुलाला अडवत नाही आणि ‘उस्तेद’ची उणीव इंग्रजाला कळत नाही. सर्वांसाठीचे पुस्तक नेमके कोणासाठी आहे, हे अशा वेळी उघडे पडते.

म्हणून कोणतेही प्राथमिक पुस्तक हाती आले की मी तीन गोष्टी तपासतो. शिकणाऱ्याजवळ आधीच काय आहे हे ते सांगते का? त्याच्याच भाषेतून कुठे घात होऊ शकतो हे वेळेवर सांगते का? आणि पहिल्या दहा धड्यांत त्याला अदबीने अडवण्याची, विचारण्याची भाषा देते का? पहिल्या कसोटीला काही पुस्तके उतरतात, दुसरीला थोडी. तिसरीला उतरणारे पुस्तक माझ्या कपाटात अजून आलेले नाही. ‘मला तसे म्हणायचे नव्हते’, ‘कृपया हळू सांगा’, ‘सही करण्यापूर्वी हा कागद मला समजावून द्या’, ‘दुभाषा बोलवाल का?’ या चार वाक्यांना फार व्याकरण लागत नाही. मांजर टेबलाखालून काढले, तर पहिल्या धड्यात त्यांना सहज जागा होईल.