सतरा भाषा : संख्या आणि पुरावा

थोर व्यक्तींच्या चरित्रलेखनात काही वाक्ये इतकी रुळून गेली आहेत की, ती लिहिताना लेखकास आणि वाचताना वाचकास थांबण्याचे कारणच वाटत नाही. ‘त्यांना सतरा भाषा अवगत होत्या’ हे अशांपैकी एक वाक्य होय. पी. व्ही. नरसिंह राव यांच्याविषयी ते गौरवपर लेखांत आणि भाषणांत नेहमी आढळते. २०२४ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाल्यावर ते पुन्हा सर्वत्र उमटले. विनोबा भावे यांच्या भाषाज्ञानाविषयीही अशाच संख्या प्रचलित आहेत. या दोन्ही पुरुषांचा भाषाव्यासंग असाधारण होता, याविषयी वाद नाही. परंतु ‘अवगत’ या शब्दाचा अर्थ काय आणि तो कोणी पडताळून पाहिला, हा प्रश्न आपल्या चरित्रकारांनी क्वचितच विचारला आहे. तो विचारणे म्हणजे थोरांचा अधिक्षेप करणे नव्हे. समीक्षेचे ते प्राथमिक कर्तव्य आहे, असे आम्ही समजतो.

पहिली अडचण मोजणीचीच आहे. भाषा ही नाण्यांसारखी सुटी सुटी वस्तू नव्हे. हिंदी व उर्दू या दोन मोजाव्यात की एक? कोकणीला साहित्य अकादमीने १९७५ साली स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ साली ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. म्हणजे मराठी व कोकणी दोन्ही जाणणाऱ्या एखाद्या गोवेकराची भाषासंख्या, त्याने एकही नवा शब्द न शिकता, संस्थेच्या ठरावाने वाढू शकते. आमच्या सौंसर-पांढुर्णा भागात मराठी, हिंदी, पवारी आणि गोंडी या एकाच बाजारात कानी पडतात. येथील माणसाने पवारी स्वतंत्र धरली तर त्याची संख्या वाढते, तिला बोली म्हटले तर घटते; त्याचे ज्ञान मात्र तेवढेच राहते. तात्पर्य, संख्या ही पुष्कळ अंशी मोजणाऱ्याच्या व्याख्येवर अवलंबून असते.

दुसरी अडचण ज्ञानाच्या प्रतीची. एखादी भाषा कळणे, ती वाचता येणे, तीत संभाषण करता येणे आणि तीत लेखन करता येणे या चार वेगळ्या गोष्टी होत. या भेदाचे महत्त्व ओळखून केलेले एक जुने परीक्षण येथे नमूद करण्याजोगे आहे. बोलोन्याचे कार्डिनल मेझोफांती (१७७४–१८४९) हे बहुभाषाज्ञानाबद्दल साऱ्या युरोपात विख्यात होते. चार्ल्स विल्यम रसेल या आयरिश धर्मगुरूने १८५८ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. मेझोफांतींशी ज्यांनी आपापल्या भाषेत संभाषण केले होते, त्यांच्या साक्षी रसेलने गोळा केल्या आणि बहात्तर भाषांची प्रतवारी लावली. वारंवार कसोटीस उतरलेल्या व उत्कृष्टपणे बोलल्या जाणाऱ्या तीस, अस्खलित बोलत असे म्हटले जाते, पण ज्यांचा पुरावा पुरेसा नाही अशा नऊ, क्वचित व कमी सफाईने बोललेल्या अकरा, मोडक्यातोडक्या आठ, आणि केवळ ग्रंथांवरून अभ्यासलेल्या चौदा. रसेल हा मेझोफांतींचा चाहता होता. तरीही त्याने बहात्तर ही संख्या वाचकासमोर फेकली नाही. ती फोडून दाखविली. मेझोफांतींचे मोठेपण त्यामुळे कमी झाले नाही. तीस भाषांचा विश्वसनीय पुरावा हा बहात्तरांच्या दंतकथेहून अधिक थक्क करणारा आहे.

तिसरी अडचण परीक्षकाची. कवी बायरनने मेझोफांतींची मोठी स्तुती केली. पण आपली परीक्षा म्हणजे आपल्याला ज्या ज्या भाषेतली एखादी शिवी ठाऊक होती त्या त्या भाषेत त्यांना डिवचून पाहणे होते, असे त्याने स्वतःच गमतीने लिहून ठेवले आहे. साक्षीदाराचे स्वतःचे ज्ञान जेवढे खोल, तेवढीच त्याची साक्ष खोल, हे यावरून दिसते. याचे दुसरे टोक १९९७ साली चिली देशाच्या दूरचित्रवाणीवर दिसले. सुमारे साठ भाषांचे ज्ञाते म्हणून गाजलेले झियाद फझा यांना तेथे निरनिराळ्या भाषांच्या जाणकारांनी साधे प्रश्न विचारले, तेव्हा आज कोणता वार आहे या रशियन प्रश्नाचे उत्तरही त्यांना देता आले नाही. एका प्रसंगावरून माणसाचे सर्व ज्ञान खोटे ठरत नाही, कारण न वापरलेली भाषा गंजते. तथापि अनेक वर्षे छापली गेलेली संख्या कोणीच तपासली नव्हती, हे त्या एका सायंकाळी उघड झाले.

अशा परीक्षेचा नमुना शोधण्यास आपणांस चिलीला जाण्याची गरज नाही. संस्कृत व तेलुगू परंपरेतील अवधानात पृच्छक ठरलेले असतात. प्रत्येकजण आपापल्या विषयात अधिकारी असतो, प्रश्न आयत्या वेळी येतो आणि उत्तर सभेसमोर द्यावे लागते. अवधानी ही पदवी त्या सभेत मिळविलेली असते. भाषाज्ञानाच्या बाबतीत मात्र आपण पृच्छकाला वगळून थेट बिरुदच बहाल करतो.

आता नरसिंह रावांच्या सतरा भाषांकडे या दृष्टीने पाहू. त्यांची मातृभाषा तेलुगू. तेलुगू, उर्दू, मराठी व कानडी जेथे शेजारी शेजारी नांदत होत्या, त्या हैदराबाद संस्थानात त्यांचे बालपण गेले. कायद्याचे शिक्षण त्यांनी नागपूर विद्यापीठात घेतले. १९८४ व १९८९ साली ते आमच्या सीमेपलीकडील रामटेक मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. त्यांचे मराठी ऐकलेले श्रोते हे मराठीपुरते साक्षीदारच होत. पण याहून भक्कम पुरावा ग्रंथांचा आहे. विश्वनाथ सत्यनारायण यांची ‘वेयिपडगलु’ ही तेलुगू कादंबरी त्यांनी ‘सहस्रफण’ या नावाने हिंदीत आणली. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही ‘अबला जीवितम्’ या नावाने तेलुगूत नेली. १९९८ साली ‘दि इनसायडर’ ही स्वतःची कादंबरी इंग्रजीत प्रसिद्ध केली.

यांपैकी आपट्यांच्या कादंबरीचा पुरावा आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. ती यमूच्या तोंडून सांगितलेली आहे. तिची भाषा एकोणिसाव्या शतकातील ब्राह्मणी माजघराची आहे. सासर-माहेरचे टोमणे, सोवळे-ओवळे, वडीलधाऱ्यांसमोर गिळलेले शब्द यांनी ती विणली आहे. ही भाषा सभेत किंवा कचेरीत ऐकू येत नाही. ती परभाषेत नेणाऱ्यास शब्दकोशातील मराठी पुरत नाही. घरातली मराठी कळावी लागते. मूळ व भाषांतर शेजारी ठेवून दोन्ही भाषांचा जाणकार आजही प्रत्येक पानावर ही परीक्षा घेऊ शकतो. ऐकीव साक्ष साक्षीदाराबरोबर जाते, ग्रंथ मात्र उरतो. म्हणून रसेलची रीत स्वीकारली तर तेलुगू, मराठी, हिंदी व इंग्रजी या चार भाषा निर्विवाद पहिल्या वर्गात बसतात. बाकीच्यांविषयी ज्याने त्याने आपापली साक्ष नोंदवावी. सतरा ही संख्या त्यामुळे खोटी ठरत नाही; ती फक्त आपल्या योग्य जागी, पुराव्याची वाट पाहत, उभी राहते.

विनोबांची गोष्ट निराळी आहे. १९४२ नंतरच्या कारावासात, वेल्लोरच्या तुरुंगात, त्यांनी दक्षिणेच्या चारही भाषांचा अभ्यास केला; कुराण मुळातून वाचता यावे म्हणून अरबी शिकले. त्यांचा हेतू संतांच्या व धर्मग्रंथांच्या मूळ वचनांपर्यंत पोहोचण्याचा होता. अशा ज्ञानाची कसोटी वाचनाची आहे, बाजारातल्या संभाषणाची नव्हे. ‘गीताई’च्या मराठीला लावावयाचे माप त्यांच्या अरबीला लावणे जितके गैर, तितकेच दोहोंना एका संख्येत कोंबणे गैर. याच्या उलट उदाहरण फादर स्टीफन्स यांचे. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रजाला किती भाषा येत होत्या, याची गणती आपण कधी केली नाही. १६१६ साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’तील दहा हजारांहून अधिक ओव्यांनी त्यांची मराठी सिद्ध केली आणि तेवढ्याने आपले समाधान झाले. खरे प्रमाण हाती असले की संख्येची भूक राहत नाही.

या चर्चेचा आपल्या शिक्षकवर्गाशी निकटचा संबंध आहे. जनगणनेच्या कोष्टकात मातृभाषेखेरीज आणखी दोनच भाषा नोंदविता येतात, आणि त्याही सांगणाऱ्याच्या शब्दावर. घरी गोंडी, गल्लीत मराठी, बाजारात हिंदी बोलणारा आणि शाळेत इंग्रजी शिकणारा आमच्या भागातील मुलगा त्या कोष्टकात पुरा मावत नाही. शाळेत तर त्याच्या मराठी निबंधातील हिंदी क्रियापदावर लाल खूण होते आणि तो ‘भाषेत कच्चा’ ठरतो. त्याच वर्गात दुसऱ्या तासाला आपण सतरा भाषांचे कौतुक सांगतो. एकाच्या चार भाषा परीक्षा न घेता उणिवेत जमा होतात, दुसऱ्याच्या सतरा परीक्षा न घेता वैभवात जमा होतात. दोन्ही ठिकाणी दोष एकच : पुराव्याकडे पाठ. लाल खूण करू नये, असे आमचे म्हणणे नाही; परंतु ती खूण कोणत्या भाषेच्या कोणत्या कौशल्याविषयी आहे, हे शिक्षकाला सांगता आले पाहिजे.

यास्तव साहित्यसंस्थांनी आपल्या गौरवग्रंथांपुरता तरी एक दंडक घालून घ्यावा. ज्या भाषेचा उल्लेख करावयाचा, तीत त्या व्यक्तीने काय वाचले, काय लिहिले आणि त्या भाषेच्या कोणत्या जाणत्या भाषकाने तिचे बोलणे ऐकले, हे तीन तपशील द्यावेत. जेथे ते मिळत नाहीत, तेथे ‘अवगत’ऐवजी ‘परिचय होता’ असे लिहावे. या एका शब्दाच्या फरकाने कोणाही थोर पुरुषाची उंची कमी होणार नाही. उलट, उद्याच्या चिकित्सक वाचकाने एक भाषा खोटी पाडली असता उरलेल्या सोळांवर जो संशय पसरतो, त्यापासून त्यांचे खरे कर्तृत्व सुरक्षित राहील.